हलवलेली घरं: लांगकावीच्या बॉन टॉनचा प्रकरण अभ्यास

उत्तर मलेशियात केदाह, पर्लिस, पेराक या राज्यांतल्या खेड्यांमधून जाताना खांबांवर उभी असलेली जुनी लाकडी घरं दिसतात, आणि त्यांतली बरीच बंद असतात. १९७० नंतरच्या दशकांत मुलं शहरांकडे, कारखान्यांकडे, सरकारी नोकऱ्यांकडे गेली. गावात राहिलेल्यांनी शेजारीच विटा-सिमेंटचं घर बांधलं, कारण त्याच्या छपराची दर पावसाळ्याआधी काळजी करावी लागत नाही. सगळ्यात अवघड गाठ वारसाहक्काची. इस्लामी वारसा कायद्यात, म्हणजे फराइदमध्ये, प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. एका पिढीत वाटणी राहून गेली की पुढे एकाच घराला डझनावारी वारस होतात. सगळ्यांच्या सह्या जमत नाहीत आणि एकट्याने खर्च करायला कोणी धजत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. कोकणातल्या सामाईक घरांची कुलपं याच कारणाने गंजतात.

बंद घर आधी छपरातून खचतं. एक कौल सरकतं, पाणी वाशावर येतं, वाशावरून तुळईच्या सांध्यात शिरतं. अशा अवस्थेतल्या घराला दोन गिऱ्हाइकं असतात. पहिलं लाकडाचा व्यापारी. या घरांत चेंगाल हे लाकूड असेल तर त्याला फार मागणी असते. चेंगालचा वृक्ष जवळजवळ फक्त मलय द्वीपकल्पातच वाढतो, लाकूड घनमीटरला ९०० किलोच्या आसपास किंवा पुढे भरतं, आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. नवं चेंगाल आता दुर्मीळ आणि महाग झालं असल्याने जुन्या घराचे खांब टेबलं आणि बाकं करायला जातात. दुसरं गिऱ्हाईक हॉटेलवालं. ते घर सुटं करून घेऊन जातं आणि दुसरीकडे परत उभं करतं.

हा अभ्यास दुसऱ्या वाटेने गेलेल्या घरांचा आहे.

प्रकरण

लांगकावी हा अंदमान समुद्रातला बेटांचा पुंजका. बेटं ९९ मोजतात. राज्य केदाह. १९८७ मध्ये हे बेट करमुक्त झालं आणि भातशेती-मासेमारीच्या गावांचं अर्थकारण काही वर्षांत पर्यटनाकडे वळलं. २००७ मध्ये त्याला युनेस्कोच्या जाळ्यातला भू-उद्यानाचा, म्हणजे जिओपार्कचा, दर्जा मिळाला. पश्चिम किनाऱ्यावरचा पांताइ चेनांग हा सगळ्यात गजबजलेला पट्टा. विमानतळ जवळ, दुकानं-खाणावळींची रांग, पाण्यात जेट-स्की. याच भागात, समुद्राकडे तोंड न करता एका पाणथळ तळ्याकडे तोंड करून, नारळाच्या जुन्या बागेत बॉन टॉन हे रिसॉर्ट उभं आहे. मलेशियात स्थायिक झालेल्या नरेल मॅकमर्ट्री या ऑस्ट्रेलियन बाईंनी ते उभं केलं. इथल्या खोल्या म्हणजे आठ जुनी मलय घरं. ती वेगवेगळ्या ठिकाणांहून सुटी करून आणली आणि या बागेत पुन्हा जोडली. पुढे शेजारच्याच जागेत टेंपल ट्री या नावाने त्यांनी दुसरा समूह केला. तिथे मलय घरांबरोबर मलेशियातल्या इतर समाजांच्या जुन्या वास्तूही आणल्या. याच आवारालगत भटक्या कुत्र्या-मांजरांसाठी लांगकावी ॲनिमल शेल्टर अँड सँक्च्युअरी फाउंडेशन, म्हणजे लॅसी, हा आसरा त्यांनी चालवला आणि रिसॉर्टच्या उत्पन्नातला वाटा त्याला जातो. त्यामुळे ओसरीत बसलं की कुठलंसं मांजर येऊन पायाशी बसतंच.

मी इथे राहायला गेले ती लाकडी घरांच्या आवडीपोटी. माझा प्रश्न एकच होता: जिथे घर बांधलं ती जागा गेली, ज्यांच्यासाठी बांधलं ती माणसं गेली, तर या घरात उरलं काय? आणि जे उरलं ते ठेवण्याजोगं आहे का? माझं उत्तर होकाराकडे झुकतं. पण ते बिनशर्त नाही.

हलणं या घराला नवं नाही

वारसा-जतनाच्या शास्त्रात इमारत हलवणं चांगलं मानत नाहीत. वास्तू-जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचं सातवं कलम स्पष्ट म्हणतं की वास्तू तिच्या जागेपासून आणि इतिहासापासून वेगळी करता येत नाही. तिच्या रक्षणासाठी दुसरा मार्गच नसेल तर गोष्ट वेगळी. दगडी मंदिराला किंवा जांभ्याच्या वाड्याला हे नेमकं लागू पडतं. मलय घराला हा नियम जसाच्या तसा लावला तर चूक होईल असं मला वाटतं, आणि त्याचं कारण घराच्या बांधणीतच आहे.

या घराला पाया खणत नाहीत. खांब जमिनीत पुरलेले नसतात. दगडाच्या किंवा पुढच्या काळात सिमेंटच्या बैठकीवर नुसते टेकलेले असतात. खांबांना आरपार खाचा पाडलेल्या असतात, त्यांतून आडव्या तुळया सरकवतात आणि लाकडी पाचर ठोकून सांधा आवळतात. भिंती म्हणजे चौकटीत बसवलेल्या फळ्यांचे तयार पट. भिंतीवर छपराचं ओझं नसतं. ते सगळं खांबांवरून खाली उतरतं. त्यामुळे उलट्या क्रमाने गेलं, म्हणजे आधी छप्पर, मग वासे, मग भिंतींचे पट, मग तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन, शेवटी तुळया आणि खांब, की घर मोडतोड न होता सुटं होतं. प्रत्येक तुकड्यावर खूण केली की दुसरीकडे ते त्याच क्रमाने उभं राहतं.

गावांत तर घर सुटं न करताही हलवत. याला उसुंग रुमाह म्हणतात. पोरीचं लग्न झालं, जमीन बदलली, नदी सरकली, तर गावातले पुरुष गोळा व्हायचे, घराखाली बांबू-लाकडाचे दांडे बांधायचे आणि अख्खं घर खांद्यावर घेऊन चालायला लागायचे. बायका सगळ्यांचं जेवण रांधायच्या. कायद्यानेही हे मानलं आहे. १९५३ च्या एका निवाड्यात न्यायालयाने असं धरलं की खांबांवरचं लाकडी मलय घर रूढीप्रमाणे जमिनीपासून वेगळी, जंगम मालमत्ता आहे. ब्रिटिश कायद्याचा सर्वसाधारण नियम याच्या उलट, म्हणजे जमिनीला जे जोडलं ते जमिनीचंच. तरीही न्यायालयाने रूढी मानली.

म्हणून बॉन टॉनची घरं दुसऱ्या गावाहून आली हा मुद्दा मला दोषाचा वाटत नाही. मलेशियातल्या वारसा-संस्थांनीही हाच मार्ग धरला आहे. बादान वारिसान मलेशिया या संस्थेने केदाहमधलं एका गावमुख्याचं जीर्ण घर १९९६ मध्ये क्वालालंपूरला आणून जालान स्टोनरवर उभं केलं. राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारातला इस्ताना सातू हा लाकडी राजवाडासुद्धा मुळात तेरेंगानूचा. भारतातही केरळमधल्या कुमरकोमच्या कोकोनट लगून या हॉटेलने १९९० च्या दशकात जुनी तरवाडं, म्हणजे एकत्र कुटुंबांची घरं, सुटी करून वेम्बनाड सरोवराच्या काठी उभी केली. तिथली लाकडी चौकटही सांध्यांवर उभी असते, म्हणूनच ते जमलं. आपल्याकडे हे इतक्या सहज होत नाही. कोकणातल्या घराचा जीव जांभ्याच्या भिंतीत असतो, देशावरच्या वाड्याचा दगडी जोत्यात आणि पांढऱ्या मातीत. वाडा पाडला की सागवानी खांब आणि तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत जातात आणि मागे वाडा म्हणावं असं काही राहत नाही.

हॉटेलसाठी मलय रूप वापरण्याची कल्पनाही बॉन टॉनपासून सुरू झालेली नाही. तेरेंगानूच्या किनाऱ्यावरचं तांजोंग जारा हॉटेल राजवाड्याच्या धर्तीवर, पण नव्या लाकडात बांधलं होतं आणि त्याला १९८३ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. लांगकावीतच इतर मोठ्या रिसॉर्टांनी गावठी घराचं रूप घेतलं. तिथे छपराचा उतार आणि कोरीव फळी दिसते, सांगाडा मात्र आजचा. बॉन टॉनमध्ये सांगाडाच जुना आहे. राहायला गेल्यावर हा फरक हाताला कळतो. खांबावर रंध्याऐवजी तासणीच्या खुणा लागतात, आणि तक्तपोशीच्या फळ्यांची रुंदी एकसारखी नसते.

ओसरी ते स्वयंपाकघर

जुनं मलय घर एका ओळीत वाचायचं असतं. समोर जिना, त्याच्या पायथ्याशी पाण्याचा रांजण आणि नारळाच्या करवंटीची पळी. पाय धुवायचे, चपला खाली ठेवायच्या आणि मगच वर चढायचं. वर आधी अंजुंग, म्हणजे प्रवेशाची छोटी पडवी. मग सेराम्बी, लांबट ओसरी, जिथे पुरुष पाहुणे बसतात. त्याच्या आत, एक पायरी उंच, रुमाह इबू. हे घराचं माजघर, सगळ्यात उंच छपराचं, आणि घराचा मुख्य खांब तियांग सेरी इथेच. मागे पुन्हा खाली उतरून दापूर, स्वयंपाकघर. बायका मागच्या जिन्याने येतात-जातात. कोणी कुठवर यायचं हे दारांपेक्षा जमिनीच्या उंचीवरून ठरतं. चार-सहा इंचांची पायरी चढली की तुम्ही घराच्या अधिक आतल्या माणसांत आलात.

हॉटेलची खोली झाल्यावर ही ओळ तुटते, आणि ती कुठे तुटते ते बघणं हा या अभ्यासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग.

पहिली तूट माणसांच्या संख्येची. जे घर आठ-दहा माणसांच्या कुटुंबासाठी होतं तिथे दोन माणसं निजतात. ओसरी आणि माजघर यांतला भेद दोघांना कशाला हवा? त्यामुळे माजघरात पलंग येतो, ओसरीत खुर्च्या, आणि पाहुणा-घरचा हा मूळ फरक नाहीसा होतो. हे टाळता येण्यासारखं नाही आणि त्याबद्दल हॉटेलला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी तूट न्हाणीघराची. जुन्या घरात न्हाणी आत नव्हतीच. विहिरीवर आंघोळ व्हायची. आजच्या पाहुण्याला खोलीला लागून न्हाणी हवी, गरम पाणी हवं. लाकडी तक्तपोशीवर पाणी आणि फरशी म्हणजे काही वर्षांत कुजण्याला आमंत्रण. शहाणपणाचा मार्ग एकच: न्हाणी मागच्या खालच्या भागात, जिथे दापूर असायचं तिथे, जमिनीवर वेगळी बांधायची आणि ती मूळ सांगाड्याला नुसती चिकटवायची, त्याच्यात घुसवायची नाही. मलय घर मुळातच असं वाढत जाणारं असतं. लग्न झालं, पैसे आले, की मागे एक भाग जोडायचा, मध्ये सेलांग नावाचा जोडरस्ता ठेवायचा. त्यामुळे मागे नवा भाग जोडणं घराच्या रीतीला धरूनच आहे. न्हाणीसाठी मूळ खांब कापणं किंवा तुळईतून नळ काढणं मात्र नाही. असं घर पुन्हा सुटं करून कधी हलवायचं झालं तर सांधा तिथे कायमचा गेलेला असतो.

तिसरी तूट सहज लक्षात येत नाही, आणि मला ती तिथे जाऊनच कळली. मलय घरात माणसं जमिनीवर, चटईवर बसत. म्हणून खिडक्या थेट तक्तपोशीपासून सुरू होतात. खालच्या भागाला लाकडी कठडा, वर दोन झडपा. चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर अंगण येतं आणि वारा त्याच्या छातीवर येतो. आता तिथे पलंग ठेवा. गादीसकट माणूस दीड-दोन फूट वर गेला. खालच्या जाळीतून येणारा वारा पलंगाखालून जातो, आणि झोपलेल्याला वाटतं हवाच नाही, वातानुकूलन यंत्र लावा. एका दुपारी मी उशी घेऊन जमिनीवरच आडवी झाले आणि घर एकदम मोकळं झालं. अशा रिसॉर्टांनी पलंगाऐवजी बुटका चौरंग आणि त्यावर गादी दिली तर विजेचं बिल कमी येईल, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट मोजमापाची. परंपरेप्रमाणे घराचं माप गृहिणीच्या शरीरावरून घेत. तिच्या दोन्ही हात पसरून होणाऱ्या अंतराला देपा म्हणतात, आणि तुळयांची लांबी त्या हिशेबात ठरायची. म्हणून दोन घरांची मापं जुळत नाहीत. एका घराचा खांब मोडला तर दुसऱ्या घराचा तिथे बसेलच असं नाही. डागडुजी करणाऱ्या सुताराला प्रत्येक घर नव्याने शिकावं लागतं. ज्या बाईच्या हातांनी हे घर मापलं तिचं नाव कुठेच नाही, पण खोलीची रुंदी अजून तिचीच आहे.

हवा

मलय घर उष्ण, दमट हवेसाठी घडलेलं आहे, आणि ते जड भिंतींशिवाय. लाकूड उष्णता साठवत नाही; सूर्य गेला की घर तासाभरात निवतं. तक्तपोशी जमिनीपासून माणूसभर किंवा त्याहून थोडी कमी उंच, म्हणून खालून वारा वाहतो, पूर आला तर पाणी खालून जातं, साप-विंचू वर येत नाहीत. फळ्यांच्या फटी, भिंतीच्या माथ्यावरच्या कोरीव जाळ्या, त्रिकोणी भिंतीतली भोकं, या सगळ्यांतून गरम हवा वर जाऊन बाहेर पडते. पुढे आलेली रुंद पाखं ऊन आणि तिरका पाऊस दोन्ही अडवतात. मूळ छप्पर निपाह या पाणथळीतल्या ताडाच्या झावळ्यांचं, आतापचं, असायचं. ते काही वर्षांनी बदलावं लागतं, पण त्याखाली दुपारही सोसते. पत्रा आला तेव्हा लोकांनी तो आनंदाने स्वीकारला, कारण दर थोड्या वर्षांनी झावळ्या विणत बसायला माणसं उरली नव्हती. पत्र्याखालची दुपार मात्र वेगळीच असते, आणि पाऊस आला की बोलणं थांबवावं लागतं.

असं घर यंत्राने थंड करायचं म्हणजे त्याच्या स्वभावाविरुद्ध जायचं. थंड हवा फटींतून निसटते, म्हणून फटी बुजवाव्या लागतात. जाळ्यांच्या मागे काच येते. मग घराचा श्वास बंद होतो. आत कोरडं-थंड, बाहेर ओलं-गरम, दिवसातून दोनदा उलटापालट. लाकूड आकसतं, फुगतं, आणि शंभर वर्षं घट्ट बसलेली पाचर सैल व्हायला लागते. पाहुण्याला यंत्र हवं असतं हे मला मान्य आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाळी उकाड्यात मलाही ते हवंसं वाटेल. पण याची तडजोड सांगाड्यात न शिरता करता येते. फक्त निजायच्या भागाला आतून वेगळी, हलकी पेटी करायची आणि मूळ भिंत तशीच फटींसकट मोकळी ठेवायची. कुठलंही असं रिसॉर्ट जोखताना मी हे आधी बघते. काच मूळ चौकटीत ठोकली आहे की तिच्यामागे वेगळी उभी केली आहे? पहिल्यात घराचं नुकसान आहे, दुसऱ्यात नाही.

समुद्रकाठी एक फायदा मात्र या घराला जन्मजात मिळतो. खारट हवेत खिळे पाच-सात वर्षांत गंजतात आणि गंजलेला खिळा आजूबाजूचं लाकूडही काळं करून खातो. पाचरीच्या सांध्यात लोखंडच नाही. बेटावर आणलेल्या घराची डागडुजी करणाऱ्याने घाईत स्क्रू आणि लोखंडी पट्ट्या मारल्या की हा फायदा त्याच दिवशी संपतो.

राहणं कसं असतं

आवाज सगळ्यात आधी सांगायला हवा. लाकडी घर रात्री बोलतं. दिवसभर तापलेल्या फळ्या निवताना कुरकुरतात, छपरात पाली चुकचुकतात, आणि शेजारच्या घरात कोणी चाललं तर पावलं ऐकू येतात. पहाटे जवळच्या मशिदीतून अजान येते. पाणथळ जागा असल्याने संध्याकाळी डास असतात आणि मच्छरदाणी शोभेची नसते. जिना उभट आणि अरुंद. गुडघे दुखणाऱ्या माणसाने किंवा चालायला लागलेलं मूल घेऊन जाणाऱ्याने आधी विचारून घ्यावं. आमच्या आईला मी इथे घेऊन गेले नसते. समुद्र दारात नाही, चालत जावं लागतं, आणि ज्यांना खिडकीतून लाटा हव्या आहेत त्यांची निराशा होईल. मला तळ्यावरचे बगळे आणि मागे दिसणारी डोंगराची रेघ अधिक आवडली. पण हा आवडीचा प्रश्न.

जुन्या लाकडाचा प्रकाश मात्र वेगळा असतो. चुन्याची भिंत प्रकाश परत फेकते, चेंगालची फळी तो पिते. दुपारीसुद्धा माजघर काळोखं, आणि जाळीच्या नक्षीतून येणारे ठिपके जमिनीवरून सरकत जातात. वाचायला दिवा लागतो. फोटोत ही खोली नेहमी उजळलेली दाखवतात, प्रत्यक्षात ती तशी नाही, आणि मला वाटतं ते चांगलंच आहे. चाळीस अंशांच्या उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना काळोखच हवा असतो, हे विदर्भात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

नाव आणि नोंद

बॉन टॉनची घरं ब्लू जिंजर, यलो ऑर्किड अशा फुला-रंगांच्या नावांनी ओळखली जातात. शेजारच्या टेंपल ट्रीत पिनांग हाउस, लेडांग हाउस अशी जागेशी नातं सांगणारी नावं भेटतात. वरवर ही किरकोळ गोष्ट. पण घर हलवताना जागा गेली, माणसं गेली; आता त्या दोघांचा दुवा राखायचं काम फक्त नोंदीवर उरतं. घर कुठल्या गावचं, कुठल्या साली सुटं केलं, कोणत्या सुताराने पुन्हा उभं केलं, कोणते खांब मूळचे आणि कोणते नवे घातले, छप्पर आधी कशाचं होतं. एवढं एका पानावर मावतं. ते पान खोलीत टेबलावर हवं, आणि त्याची प्रत एखाद्या वारसा-संस्थेकडे किंवा वास्तुकला महाविद्यालयात हवी. मलेशियाचा २००५ चा राष्ट्रीय वारसा कायदा नोंदलेल्या वास्तूंना संरक्षण देतो; गावातलं साधं लाकडी घर त्या यादीत सहसा नसतं. म्हणजे ते सुटं झालं त्या दिवशी त्याच्याबद्दल माहिती असलेली जागा एकच, खरेदी करणाऱ्याची वही. रिसॉर्ट विकलं गेलं, वही हरवली, की पिनांगचं घर आणि केदाहचं घर यांतला फरक सांगणारं कोणी राहत नाही.

हलवण्यापेक्षा मला हा धोका मोठा वाटतो. फरक खरोखरच आहेत. उत्तरेकडच्या घराचं लांब, सरळ कण्याचं छप्पर, मलाक्काच्या घराचा रंगीत फरशांचा जिना आणि मधलं अंगण, नेगेरी सेम्बिलानची, सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या वळणाची छपरं, पूर्व किनाऱ्याच्या तेरेंगानू-केलांतानची उभ्या उताराची कौलारू पाखं आणि टोकदार फळ्या. एका आवारात ही सगळी आली की पाहुण्याला ती एकाच शैलीची वाटू लागतात. तेरेंगानूमधल्या पेनारिकच्या तेरापुरी या रिसॉर्टने यावर एक उपाय काढला आहे. तिथे एकाच राज्याची, तेरेंगानूची, घरं गोळा केली आणि जुन्या राजवाड्याच्या आवाराची आखणी समोर ठेवून मांडली. त्यामुळे तिथे घरं एकमेकांच्या शेजारी शोभतात. तेरापुरी बेटावर नाही. दक्षिण चिनी समुद्र आणि सेतिऊची पाणथळ जमीन यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. अभ्यास म्हणून दोन्ही बघावीत.

पैसे आणि हात

वस्तुसंग्रहालयात ठेवलेलं लाकडी घर दरवर्षी खर्च मागतं आणि उत्पन्न देत नाही. सरकारी अनुदान थांबलं की छपरापासून सुरुवात होते. हॉटेलची खोली झालेलं घर रोज झाडलं-पुसलं जातं, गळती रात्री पाहुण्याच्या अंगावर पडते म्हणून सकाळीच दुरुस्त होते. लाकडी घराला यापेक्षा चांगली देखभाल नाही. या एका कारणासाठी मी अशा रिसॉर्टांच्या बाजूची आहे. जे घर वखारीत गेलं असतं ते उभं आहे, कोणी त्यात निजतं आहे, आणि त्याच्या छपराकडे कोणाचं तरी रोज लक्ष आहे.

दुरुस्ती कोण करतं, हा प्रश्न यालाच जोडून येतो. पाचरीचा सांधा करणारे सुतार वयस्कर होत चालले आहेत. एखाद्या घरासाठी एकदाच बोलावलेला सुतार आपली विद्या कोणाला देत नाही. त्याच्या हाताखाली सतत काम असेल तरच पोरगा शिकतो. आठ-दहा जुन्या घरांचं रिसॉर्ट म्हणजे वर्षभर चालणारं दुरुस्तीचं काम, आणि एक-दोन शिकाऊ पोरं त्यावर तयार होऊ शकतात. झावळ्या विणणाऱ्या बायकांचंही तेच. केरळमध्ये तरवाडं हलवली गेली तेव्हा जुन्या पद्धतीच्या सुतारांना पुन्हा काम मिळालं. मलेशियातही ही शक्यता आहे. खोली आरक्षित करताना पाहुणे जलतरण तलावाबद्दल विचारतात; छप्पर शेवटचं कोणी शाकारलं हेही विचारावं. उत्तर देताना मालक खुलला तर ती जागा चांगली समजावी.

जाण्याआधी

कोरडा हंगाम डिसेंबर ते मार्च, त्यातही जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. लांगकावीला क्वालालंपूरहून विमान तासाभराचं, किंवा मुख्य भूमीवर कुआला पर्लिस आणि कुआला केदाहहून फेरीबोट. विमानाआधी क्वालालंपूरमध्ये अर्धा दिवस काढता आला तर जालान स्टोनरवरचं ते केदाहचं घर, रुमाह पेंघुलू अबू सेमान, आधी पाहावं. ते १९१० ते १९३० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने बांधलेलं आहे आणि तिथे कोणी राहत नाही, म्हणून ओसरी ओसरीच्या जागी आहे आणि जमिनीच्या पायऱ्या जशाच्या तशा आहेत. तिथे एकदा पुढच्या जिन्यापासून मागच्या जिन्यापर्यंत चालून घेतलं की लांगकावीत माजघरातल्या पलंगावर बसल्यावर आपण घराच्या कुठल्या भागात आहोत ते लगेच कळतं.